गळाला चपटा मासा लागलाय: खायचा की परत सोडायचा?

वाळूच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसलं की कधी ना कधी चपटा मासा लागतोच. हातात आल्यावर नवख्या माणसाची पंचाईत होते. दोन्ही डोळे एकाच बाजूला, तोंड वाकडं, अंग बुळबुळीत, खालची बाजू पांढरीफटक. असलं काही खातात का? उत्तर आधीच देऊन टाकतो: खातात, आणि बहुतेक चपटे मासे चवीला चांगलेच असतात. सोल, टर्बोट, हॅलिबट यांना तर जगभर मान आहे. पण एकाच जातीचे दोन मासे, त्यातला एक गोड आणि भरलेला, दुसरा पाणचट आणि चिखलाच्या वासाचा, असंही सर्रास घडतं. नवखी मंडळी जातीला जरा जास्तच महत्त्व देतात असं माझं मत आहे. मासा कुठल्या पाण्यातला, अंगाने भरलेला आहे का, आणि पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या तासात त्याचं काय केलं, यावर ताटातली चव ठरते. जात त्यानंतर.

तरी सुरुवात ओळखीपासूनच करावी लागते, कारण सोडायचा की ठेवायचा हे ठरवायला नाव लागतं.

१. हातात काय आलंय ते बघा

आधी ते पाकट नाही ना, याची खात्री करा. पाकटही चपटं असतं, पण ते पाठीकडून पोटाकडे दाबलेलं असतं, त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि अनेक जातींच्या शेपटीवर विषारी काटा असतो. आपला चपटा मासा म्हणजे एका कुशीवर कायमचा पडलेला मासा. त्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा इतर माशांसारखंच सरळ पोहतं. पुढे त्याचा एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा आडवा होतो. म्हणजे वरची रंगीत बाजू ही त्याची पाठ नव्हे, कूस. एवढं डोक्यात बसलं की पुढे सुरी कुठे लावायची तेही समजतं.

आता डोळे कुठल्या कुशीला आहेत ते पाहा. पोटाची कड खाली आणि डोळ्यांची बाजू आपल्याकडे ठेवून मासा उभा धरा. डोकं आपल्या उजव्या हाताला आलं तर डोळे उजव्या कुशीला. प्लेस, डॅब, हॅलिबट, युरोपातला सोल हे उजवे. टर्बोट, ब्रिल, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा समर फ्लाउंडर, जपानचा हिरामे आणि उष्ण समुद्रातले जिभेच्या आकाराचे लेप हे डावे. भाकस दोन्ही तऱ्हेचा सापडतो. त्याचं तोंड मोठं, दात दिसण्यासारखे आणि पाठीचा पर डोक्यापर्यंत न येता मागेच थांबलेला. युरोपीय फ्लाउंडरमध्येही डाव्या-उजव्याची सरमिसळ असते, त्यामुळे तिथे या खुणेवर भिस्त ठेवू नका.

डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं बोलतं. शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे उलट्या दिशेने, अंगावरून बोट फिरवा. खरखरीत लागलं आणि कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीकडे जाणारी मधली रेघ छातीच्या पराच्या वर चांगली कमानीसारखी वळलेली दिसली, तर तो डॅब. अंग गुळगुळीत, पण डोळ्यांच्या मागे हाडाचे चार-सहा उंचवटे एका ओळीत आणि अंगावर ठळक नारिंगी ठिपके, तो प्लेस. ठिपके फिकट आहेत, पण वरच्या-खालच्या परांच्या मुळाशी आणि मधल्या रेघेवर बारीक काटेरी दाणे बोचतात, तो युरोपीय फ्लाउंडर. नवखे लोक ठिपके बघून फ्लाउंडरला प्लेस समजतात. बोट फिरवलं की वाद मिटतो. टर्बोट जवळजवळ गोल, खवले नाहीत, त्याऐवजी अंगभर हाडाच्या टोकदार गाठी. ब्रिल तसाच रुंद, पण गुळगुळीत.

खाण्याच्या दृष्टीने माझी क्रमवारी अशी. घट्ट, मोठ्या पाकळ्यांचं मांस हवं असेल तर टर्बोट, ब्रिल, सोल आणि मध्यम आकाराचा हॅलिबट. मऊ आणि गोडसर हवं असेल तर डॅब, प्लेस, समर फ्लाउंडर, लेप. यातला डॅब लहान असतो म्हणून लोक त्याला हिणवतात, पण ताजा डॅब काट्यासकट तळून खाल्ला तर मी त्याला प्लेसच्या वर ठेवीन. खाडीतला फ्लाउंडर सगळ्यात बेभरवशाचा. त्याचं कारण पुढे येतंच. उत्तर पॅसिफिकमधला अ‍ॅरोटूथ फ्लाउंडर दिसायला देखणा, पण त्याच्या मांसातली विकरं तापली की मांसच विरघळवू लागतात. तो हळूहळू शिजवला तर लगदा होतो, मोठ्या आचेवर झटपट केला तर निभावतो.

एक अपवाद माहीत असावा. तांबड्या समुद्रात मोझेस सोल नावाचा मासा आहे. त्याच्या वरच्या-खालच्या परांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून पांढरा, दुधासारखा विषारी स्राव येतो. शार्कने त्याला तोंडात धरलं की ती त्याला सोडून देते, हे समुद्रजीवांच्या अभ्यासक युजिनी क्लार्क यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. उष्ण समुद्रात हाताळताना एखाद्या सोलच्या परांच्या मुळातून असा पांढरा द्रव येताना दिसला, तर चवीचा विचार सोडा, मासा पाण्यात सोडा आणि हात धुवा.

२. पाणी कसलं आहे?

माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा प्रश्न. चपटा मासा गाळा-वाळूतच राहतो, आणि बहुतेक जाती तिथलंच खातात: किडे, शिंपले, बारीक कोळंबी. त्यामुळे तळाशी जे साचलेलं असतं त्याच्याशी याचा संबंध वरवर पोहणाऱ्या माशांपेक्षा जवळचा.

चिखलाचा वास आणि विषारी घाण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. खाडीच्या आतल्या, संथ, चिखलट पाण्यातल्या माशाला ओल्या मातीसारखी चव येऊ शकते. ती सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या संयुगांमुळे येते; खाऊन काही होत नाही, फक्त मजा जाते. तोच फ्लाउंडर उघड्या, लाटांच्या, वाळूच्या किनाऱ्यावर धरला तर बहुधा स्वच्छ चवीचा निघतो. फ्लाउंडर खाऊन ज्यांनी नाकं मुरडली, त्यातल्या बहुतेकांनी तो बंदराच्या आतून किंवा नदीच्या मुखातून आणलेला असतो.

विषारी घाणीला मात्र वास नसतो, चवही नसते. अमेरिकेतल्या बॉस्टन बंदराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकात तिथल्या विंटर फ्लाउंडरच्या यकृतात गाठी सापडत होत्या. शहराचा मैला-गाळ बंदरात सोडणं १९९१ अखेर बंद झालं, २००० मध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी दूर समुद्रात नेणारा बोगदा सुरू झाला, आणि यकृताच्या त्या गाठी पुढे जवळजवळ नाहीशा झाल्या. यातून नवख्याने दोन गोष्टी घ्याव्यात. जुनी बंदरं, गोद्या, कारखान्यांची नाली, सांडपाण्याचं तोंड, यांच्या आसपासचा चपटा मासा खाऊ नये. आणि मासा कितीही स्वच्छ पाण्यातला असला तरी त्याचं यकृत खाऊ नये, कारण घाण साठते ती आधी तिथे.

त्या पाण्यासाठी सरकारी खात्याने मासे खाण्याबाबत काही सूचना काढली आहे का, हे गळ टाकण्याआधी पाहून घ्या. पाण्यावर रंगीत शेवाळाचा तवंग असेल किंवा किनाऱ्यावर मेलेले मासे पडले असतील, तर त्या दिवशी सगळंच परत सोडा.

पाऱ्याची भीती अनेकांना असते. तिथे बातमी बरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत फ्लाउंडर, प्लेस, सोल या गटात पारा सरासरी दहा लाख भागांत ०.०५६ भाग निघाला, हॅलिबटमध्ये ०.२४१. म्हणून तिथल्या सल्ल्यात गरोदर बायकांसाठी आणि मुलांसाठी पहिला गट ‘उत्तम’ यादीत आहे, हॅलिबट त्याखालच्या यादीत, आठवड्यातून एकदाच. स्वतः धरलेल्या माशाबद्दल स्थानिक सूचना काहीच मिळत नसेल, तर त्या आठवड्यात तो एकदाच खावा आणि दुसरा मासा खाऊ नये, असंही तोच सल्ला सांगतो. पारा शिजवून जात नाही, धुऊनही जात नाही.

३. अंगाने भरलेला आहे का?

इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात, कारण वरून बघितलं तर रोडका मासाही तेवढाच लांब-रुंद दिसतो. जाडी बघायची असते.

डोक्याच्या मागे, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबा. भरलेल्या माशात तिथे उंच, घट्ट मांस लागतं, कड आणि मधला भाग यात उतार जाणवतो. रोडक्यात सगळा मासा एकसारखा सपाट, आणि अंगठ्याला काटे कळतात. दुसरी परीक्षा आणखी सोपी: मासा उजेडाकडे धरा. आरपार उजेड दिसला, काट्यांची सावली दिसली, तर त्याच्यात खायला काही नाही. भरलेल्या माशाची खालची बाजू दाट पांढरी असते. रोडक्याची निळसर, ओलसर काचेसारखी.

हे असं होतं ते अंडी घालण्यामुळे. अंडी आणि वीर्य तयार करताना मासा अंगातलं मांस आणि चरबी खर्च करतो. गाबोळी मोठी तितकं मांस हलकं, आणि अंडी घालून झाल्यावर तर नुसतं पाणी. उत्तर समुद्रातला प्लेस साधारण डिसेंबर ते मार्च या काळात अंडी घालतो. त्यामुळे वसंताच्या सुरुवातीला किनाऱ्यावर परतणारे प्लेस मोठे दिसतात, पण आतून रिकामे असतात. उन्हाळाभर खाऊन-पिऊन ते पुन्हा भरतात. अशा रिकाम्या माशाचं मांस तव्यावर पाणी सोडतं, आक्रसतं आणि चमच्याने उचलायची वेळ येते. तो खाण्यात धोका नाही, पण त्याला मारण्यात अर्थही नाही. दोन-तीन महिन्यांनी तोच मासा खरोखर खाण्यासारखा होणार असतो.

प्रत्येक समुद्रात आणि प्रत्येक जातीत हा काळ वेगळा. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा सदर्न फ्लाउंडर शरद ऋतूत खाड्यांतून बाहेर, खोल समुद्राकडे अंडी घालायला निघतो, आणि निघताना तो चांगला भरलेला असतो. महिने पाठ करण्यापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवा.

हॅलिबटच्या बाबतीत ‘मोठा तितका चांगला’ हा समज सोडून द्या. तो २०० किलोच्या वर जाऊ शकतो, पण फार मोठ्या माशाचं मांस भरड, पारा जास्त, आणि एवढे मोठे मासे जवळजवळ सगळे माद्याच असतात. पाच-दहा किलोंचा हॅलिबट खायला सरस; आजीबाईंना परत जाऊ द्यावं.

४. सोडायचा असेल तर

लगेच सोडा. ओल्या हाताने धरा, कोरड्या कापडाने पुसू नका, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. चपटे मासे आमिष खोल गिळतात, त्यामुळे गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. किमान आकाराचा नियम जिथला तिथे वेगळा असतो. मोजपट्टी जवळ असू द्या आणि लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घ्या.

५. पहिला तास

आता ठेवायचं ठरलं. इथून पुढे चव तुमच्या हातात आहे.

चपटा मासा पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, आणि म्हणूनच लोक त्याला बादलीत किंवा वाळूवर तसाच टाकून देतात. तो तासभर फडफडत राहतो, अंग तापतं, स्नायूंत आम्ल साठतं आणि मांसाची प्रत घसरते. हॅलिबटमध्ये हे चांगलं अभ्यासलेलं आहे: झगडून दमलेल्या आणि वेळेवर थंड न केलेल्या माशाचं मांस खडूसारखं पांढरट आणि कोरडं पडतं. खाल्लं तर अपाय नाही, पण घास फिरतो.

तेव्हा मासा लगेच मारा. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर जड दांडक्याचा एक नेमका, जोरदार फटका. दोन डोळे एकीकडे असल्याने मेंदू नक्की मधोमध नसतो. फटका डोळ्यांच्या मागच्या भागावर बसावा. मग मासा उलटा करा, पांढऱ्या बाजूने कल्ल्याचं झाकण उचला आणि कल्ले घशाला जिथे जोडलेले असतात तिथे सुरीने कापा. बादलीभर समुद्राच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं डोकं खाली करून ठेवा. पाणी लाल होईल. हे रक्त आत राहिलं तर पांढऱ्या मांसात गुलाबी शिरा दिसतात आणि दुसऱ्या दिवशी वशट वास येतो. रक्त काढलेला आणि न काढलेला मासा शेजारी ठेवून बघा. पुन्हा कुणी सांगायची गरज पडणार नाही.

नंतर बर्फ. आइसबॉक्समध्ये बर्फ आणि थोडं समुद्राचं पाणी कालवून त्यात मासा सपाट ठेवला की तो नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा लवकर गार होतो, कारण पाणी सगळ्या अंगाला लागतं. पूर्ण गार झाल्यावर पाणी काढून टाका आणि मासा बर्फावर ठेवा. बर्फाच्या गोड्या पाण्यात तासन्‌तास तरंगत ठेवू नका, मांस पाणी पितं आणि फिकं होतं. बर्फच नेला नसेल तर ओलं पोतं आणि सावली हा फार तर अर्ध्या तासाचा इलाज. साध्या हवेत दोन तासांच्या वर, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वरच्या उन्हात एका तासाच्या वर राहिलेला मासा खाऊ नये.

६. साफ करणं

चपट्या माशाची आतडी साफ करणं हे नवख्याला सगळ्यात सोपं काम. पोटाची पिशवी एवढीशी असते, कल्ल्यांच्या लगेच मागे. पांढऱ्या बाजूने, कल्ल्याच्या झाकणामागे तीन-चार सेंटिमीटरचा वाकडा छेद घ्या, बोट घाला, सगळं एका ओढीत बाहेर येतं. हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर लगेच धुवा, नाहीतर त्या कोपऱ्यातलं मांस कडू होतं. गाबोळी असेल तर ती शेपटीकडे निमुळत्या होत गेलेल्या दोन लांब पट्ट्यांत असते, तिथपर्यंत बोट पोचवावं लागतं. स्वच्छ पाण्यातल्या माशाची गाबोळी खायला उत्तम. यकृत टाकून द्या, वर सांगितलंच आहे.

अर्धा किलोच्या आतला मासा अख्खाच ठेवा. कात्रीने कडेचे पर कापा, डोकं तिरकं कापा, झालं. मोठ्या माशाचे चार तुकडे निघतात, दोन वरच्या बाजूचे, दोन खालचे. पातळ, लवचिक पात्याची सुरी घ्या. रंगीत बाजू वर ठेवा. डोक्याच्या मागे वळणदार छेद, शेपटीच्या मुळाशी आडवा छेद. मग मधल्या रेघेवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत, सुरीचं टोक मधल्या काट्याला टेकेपर्यंत सरळ चीर. आता पातं जवळजवळ आडवं करा आणि मधल्या काट्याकडून कडेच्या पराकडे, काट्यांना घासत, लांब लांब हात मारा. पातं काट्यावरून जाताना बारीक करकर ऐकू येते. ती थांबली म्हणजे सुरी वर मांसात शिरली आहे आणि तुम्ही चांगलं खाणं काट्यावर सोडताय. एक तुकडा सुटला की मासा फिरवून दुसरा, मग उलटा करून खालचे दोन. रंगीत बाजूचे तुकडे जाड असतात, पांढऱ्या बाजूचे पातळ. तव्यावर ते एकत्र टाकू नका.

कातडी काढायची तर तुकडा कातडी खाली ठेवून शेपटीच्या टोकाला धरा. बोटांना मीठ लावलं की निसटत नाही. पातं फळीशी तिरकं ठेवून सुरी स्थिर धरा आणि कातडी मागे-पुढे ओढा. सोलची कातडी तर शेपटीजवळ एक काप देऊन अख्ख्या माशावरूनच ओढून काढता येते.

मारल्यावर काही तासांनी मासा ताठ होतो. त्या ताठ अवस्थेत तुकडे काढू नका. पाकळ्या फाकतात आणि बरंच मांस काट्यावर राहून जातं. एकतर आधी काढा, नाहीतर बर्फावर ठेवून ताठपणा उतरल्यावर.

७. आत-बाहेर काही विचित्र दिसलं तर

कातडीवर किंवा परांवर साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या पांढरट गाठींचा पुंजका दिसला तर तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूचा आजार. फ्लाउंडर, प्लेस, डॅब यांच्यात तो वरचेवर दिसतो. माणसाला होत नाही. कातडी काढून खाल्लं तरी चालतं. फारच गाठी असतील तर मी सोडून देतो, खायची इच्छाच होत नाही. कातडीतले बारीक काळे ठिपके हे परजीवींचे कोश असतात, नीट शिजवलं की संपलं. मांसात गुंडाळलेली बारीक, तपकिरी किंवा पांढरी अळी दिसली तर सुरीच्या टोकाने काढा आणि मासा पूर्ण शिजवा. पांढऱ्या बाजूला गडद डाग असणं म्हणजे रंगाची गडबड, चवीशी संबंध नाही. अलास्काच्या बाजूच्या काही हॅलिबटमध्ये मांसात जेलीसारखे मऊ कप्पे सापडतात. तो मासा घातक नसतो, पण शिजवल्यावर तोंडात घालवत नाही.

शिळा, टाकून द्यायचा मासा ओळखायला नाक, डोळे आणि अंगठा पुरतात. ताज्या चपट्या माशाच्या अंगावरचा थर पारदर्शक असतो आणि वास समुद्राचा. तो थर गढूळ, पिवळट झाला, कल्ले तपकिरी पडले, दाबलेला अंगठा उमटून राहिला, की विचार करत बसू नका.

८. कधी खायचा?

प्लेस, डॅब, फ्लाउंडर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सोल मात्र उलट्या चालीचा: धरल्या दिवशी चिवट लागतो, साफ करून बर्फावर एक-दोन दिवस मुरला की खुलतो. टर्बोट आणि हॅलिबटलाही एका दिवसाची विश्रांती मानवते. फ्रिजमध्ये ठेवताना तुकडे कोरडे पुसून, ताटलीवर जाळी ठेवून, खाली बर्फ, आणि ४ अंशांच्या खाली. गोठवायचा तर हवा अजिबात राहू न देता गुंडाळून उणे १८ वर; हे मांस कमी चरबीचं असल्याने काही महिने टिकतं, हवा लागली तर कडा कोरड्या आणि पांढऱ्या पडतात. बाहेर काढल्यावर फ्रिजमध्येच सावकाश सुटू द्या.

कच्चा खायचा विचार असेल तर नवख्याने तो सोडूनच द्यावा. अळ्या मारायला उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावं लागतं आणि घरचा फ्रीझर बहुधा तेवढा गार नसतो. जपानमध्ये कच्चा हिरामे खाऊन काही तासांत उलट्या-जुलाब होण्याचे प्रकार वाढले, तेव्हा त्यामागे माशाच्या स्नायूत राहणारा कुडोआ नावाचा सूक्ष्म परजीवी सापडला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, मासा ताजा, चकचकीत असला तरी असतो.

९. शिजवणं

पातळ मांस, चरबी कमी. बिघडतं ते जास्त शिजवल्यानेच. तुकडे शिजवायच्या जरा आधी मीठ लावा, पाणी सुटलं की पुसून घ्या, पिठात घोळवून जादा पीठ झटका. तेल चांगलं तापू द्या. पातळ तुकड्याला एका बाजूला दोन मिनिटं, उलटवून एक. एकदाच उलटवा, रुंद उलथन्याने. सारखं ढवळणाऱ्याच्या हाती चुरा येतो. चिखलाचा किंचित वास असेल तर कातडी काढा आणि लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा. वास जास्त असेल तर लिंबाने काही होत नाही.

अख्खा मासा हीच माझी आवड. काट्यासकट शिजलेलं मांस रसरशीत राहतं आणि काटे वेचायचा त्रासही कमी, कारण चपट्या माशाचे काटे मधल्या काट्याला धरून नीट ओळीत असतात. रंगीत बाजूवर दोन-तीन तिरके काप द्या, म्हणजे जाड भाग वेळेत शिजतो. झाला की नाही ते डोक्यामागच्या सगळ्यात जाड ठिकाणी सुरीचं टोक घालून पाहा: मांस पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून सहज सुटत असेल तर उतरवा. तापमापक असेल तर तिथे ६३ अंश. ताटात मधल्या रेघेवरून चमचा ओढा, मांस दोन्हीकडे सरकवा, मग शेपटीकडून अख्खा काटा उचला. खालचे दोन तुकडे तसेच ताटात राहतात. कडेच्या परांजवळ बारीक काट्यांची झालर असते. लहान मुलांना देताना ती पट्टी बाजूला काढा, बाकी भागातही काटा राहिला नाही ना, हे बोटाने चाचपूनच भरवा.

डोकं आणि काटा टाकू नका. कल्ले काढून, रक्त धुऊन, गार पाण्यात कांदा आणि मिरीबरोबर मंद आचेवर ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत त्याचं दाट, गार झाल्यावर थिजणारं पाणी होतं. त्याहून जास्त उकळलं तर ते कडवट होतं, म्हणून वेळ झाली की लगेच गाळून घ्या.